हातची मरळ

म्हाळूनं बांबू गाळात खोल रोवला, खांद्यानं रेटा देऊन होडी जागेवर थांबवली आणि दबक्या आवाजात म्हणाला,

"मारा दादा. त्या जांभळ्या फुलांच्या कडंला."

पृथ्वीराजनं लांब, लवचीक छडी मागं नेली. पोपटी रंगाची जाड दोरी डोक्यावरून मागं गेली, पुढं आली, पुन्हा मागं गेली आणि हवेत सैलसा वळसा घेत लांबत गेली. तिच्या टोकाची पिसांची माशी जलपर्णीच्या कडेला इतकी हलकी टेकली, की पाण्याला कळलंसुद्धा नाही.

हा प्रकार सुरू झाला, तेव्हा दोन्ही काठांनी मनसोक्त हसून घेतलं होतं. नदीच्या अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड. तालुके दोन, पण टवाळीला एकमत. 'सर्जेरावांचा पृथ्वीराज नदीला चाबूक मारतोय' हे वाक्य चहाच्या टपरीवरून निघून घराघरांत जाऊन आलं. गळाला ना गांडूळ, ना कणकेची गोळी. कोंबड्याच्या मानेची पिसं दोऱ्यानं बांधून केलेली खोटी माशी. ती दाखवून माशाला फसवायचं, दमवून जवळ आणायचं, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचं. हौसेला मोल नसतं हे सगळ्यांना मान्य होतं. पण हातात आलेला मासा सोडणारा शहाणा माणूस कुणी पाहिला नव्हता.

म्हाळूही हसला होता. मग होडी त्याचीच लागायला लागली आणि हसणं मागं पडलं. दोघं लहानपणी एका बाकावर बसलेले. तेव्हा पृथ्वीराज म्हाळूच्या घरी येऊन मासे खायचा, काट्यासकट चघळायचा. आता तो पुण्यात मोठ्या हुद्द्यावर होता, दौंडच्या काठावरच्या शेतात त्यानं घर बांधलं होतं आणि रविवारी तो न चुकता यायचा. म्हाळू त्याला दादा म्हणायचा, तो म्हाळूला म्हाळूच म्हणायचा. यात दोघांनाही काही वावगं वाटत नव्हतं.

एकदा मात्र म्हाळूला राहवलं नव्हतं. "दादा, खायाचं न्हाई, तर मग छळायचं कशाला त्याला?"

पृथ्वीराज दोरी गुंडाळत म्हणाला होता,

"आप्पांना शेवटी नळ्या लावल्या होत्या, तुला माहितीये. महिनाभर रोज बघत होतो. तेव्हापासून हातानं काही मारवत नाही. आणि ही दोरी टाकायला लागलो की डोक्यातलं सगळं थांबतं बघ."

म्हाळूला ते अर्धंच कळलं. आपल्या डोक्यातलं थांबवायला माशाच्या जबड्यात काटा कशाला घालायचा, हा प्रश्न त्यानं गिळला. आप्पांच्या, म्हणजे सर्जेरावांच्या, शेवटच्या दिवसांवर बोट ठेवून वाद घालणं बरं दिसलं नसतं.

आज मात्र त्याचं लक्ष दोरीकडे नव्हतं. आज त्याला स्वतःलाच मरळ हवी होती.

हर्षदा, त्याची एकुलती एक लेक, पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती. तिची आई ती शाळेत असतानाच गेली. त्यामुळे बाळंतपणाचं सगळं म्हाळूची म्हातारी आई, साळूबाई, बघत होती. मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. पण दूध पुरेसं येईना. पोर रडून रडून लाल व्हायची. डॉक्टरीणबाईंनी डब्यातली पावडर लिहून दिली, हर्षदा ती निमूट पाजत होती, आणि साळूबाई त्या डब्याकडे सवतीकडे बघावं तसं बघत होती.

नदीवरच्या या भोयांच्या घरात एक रीत होती. लेकीच्या पहिल्या बाळंतपणात, बारशाच्या आत, बापानं स्वतःच्या हातानं धरलेली मरळ तिला खाऊ घालायची. विकत आणलेली चालत नाही, मागून आणलेली तर मुळीच नाही. त्या रश्शानं दूध उतरतं, असं साळूबाईचं म्हणणं. तिच्या बापानं तिच्या वेळी भर पुरात जाळं टाकलं होतं, हे तिनं या आठवड्यात सगळ्यांना पुन्हा पुन्हा ऐकवलं होतं. बारसं परवावर आलं होतं. आणि नदीत हल्ली सगळे चिलापी मासेच. जाळं भरून चिलापी यायची, मरळ यायची नाही. वरून येणाऱ्या पाण्याला कधी साबणाचा फेस, कधी काळा वास. धरणातून सोडायचं आवर्तन बंद असल्यानं पाणी उतरलं होतं. म्हाळू रोज पहाटे जाळं टाकून रिकाम्या हातानं घरी जात होता.

"आबा, राहू द्या हो," हर्षदा म्हणायची. "पावडर हाय ना. आता कोण बघतंय रीत."

तिनं असं म्हटलं की त्याला जास्तच लागायचं. बापाकडून काही मिळणार नाही, हे लेकीनं इतक्या समजुतीनं धरून चालावं, याचं त्याला वाईट वाटायचं.

पाणी खळ्ळकन फुटलं.

पृथ्वीराजची छडी कमानीसारखी वाकली. दोरी सरसरत जलपर्णीखाली शिरली. म्हाळूनं काही न सांगता बांबू उपसला आणि होडी उघड्या पाण्याकडे ओढली. मासा एकदा वर आला. रुंद चपटं डोकं, काळपट पाठ, पोटावर पांढरे पट्टे.

"मरळ!" पृथ्वीराज ओरडला. "म्हाळू, मरळ आहे रे!"

म्हाळूला सांगायची गरज नव्हती. 

बराच वेळ ओढाताण झाली. पृथ्वीराज दोरी सोडायचा, घ्यायचा, पुन्हा सोडायचा. मासा दमून होडीच्या कडेला आला, तेव्हा म्हाळूनं पृथ्वीराजच्या नियमाप्रमाणे आधी हात ओले केले, मग वाकून कल्ल्यांच्या मागं पकडून त्याला वर उचललं. हातभर मरळ. अंगाला घट्ट, जड. आठवडाभर तो ज्याच्यामागं फिरत होता, ते त्याच्या ओंजळीत होतं आणि त्याचं नव्हतं.

जाळ्यावरचीही एक रीत होती. दुसऱ्याचा मासा ज्यानं हात लावून होडीत घेतला, त्याचा त्यात वाटा. पण तो मागायचा नसतो. मालकानं आपण होऊन द्यायचा. दिलेला वाटा हा हातचाच मासा, त्याला कुणी मागून आणलेला म्हणत नाही. हे नदीवरच्या पोराटोरांना ठाऊक होतं. पृथ्वीराजला लहानपणी ठाऊक होतं. आता आठवत असेल की नाही, कोण जाणे.

माशी ओठात लागली नव्हती. मासा अधाशासारखा गिळायला गेला होता आणि काटा आत, कल्ल्यापाशी रुतला होता. पृथ्वीराजनं पकडीनं तो हळूच सोडवला. काटा निघाला, तसं म्हाळूच्या मनगटावर काही तरी कोमट ओघळलं.

"रक्त येतंय का रे?"

म्हाळूनं मान वर केली नाही. आता बोलेल, त्याला वाटलं. आता म्हणेल. पृथ्वीराजनं ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले. आणि त्या एवढ्याशा वेळात म्हाळूच्या मनात नको ते येऊन गेलं. हा म्हणणार, मरणारच आहे तर घेऊन जा. उरलेलं कालवण मागच्या दारानं द्यावं तशी ही मरळ देणार. लेकीला बापाच्या हातची म्हणून सोडून दिलेली, फुकट जाणारी मरळ खाऊ घालायची? त्याचे कान तापले.

"थोडं हाय," तो घाईनं म्हणाला. "जगंल."

"नक्की?"

"मरळ हाय दादा. लई चिवट जीव. चिखलात बी जगती."

ते खोटं नव्हतं. पण या मरळीबद्दल ते खरं नव्हतं, आणि हे त्याच्या मनगटावरून वाहत होतं.

फोटो काढून झाला. पृथ्वीराज मासा मधल्या धारेत सोडायला निघाला, तेव्हा म्हाळूनं अडवलं.

"तिथं नगं. धारंला लागंल. तिकडं उथळात सोडू, जरा दम खाईल."

त्यानं होडी शिरूरच्या काठाकडे घेतली. लव्हाळ्यांनी तीन बाजूंनी वेढलेली, गुडघाभर पाण्याची एक लहानशी जागा होती. तिथून थकलेला मासा सहज बाहेर पडत नाही. पृथ्वीराजनं दोन्ही हातांत मरळ पाण्याखाली धरली, तिला पुढं-मागं हलवलं, आणि तिनं शेपटी मारली तसे हात उघडले. त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की म्हाळूनं दुसरीकडे पाहिलं.

एकदा सोडली म्हणजे ती नदीची झाली. आणि नदीतलं म्हाळूनं धरलं, तर ते म्हाळूचं. त्यात कुणाचं देणं नव्हतं, कुणाचं दान नव्हतं. हा हिशेब त्यानं होडीतच करून ठेवला होता आणि तो त्याला चोख वाटत होता.

पृथ्वीराजला पलीकडे उतरवून तो घरी आला. दारातच पोरीचं रडणं ऐकू आलं. हर्षदा तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"घावली?" साळूबाईनं विचारलं.

"घावंल. जातो पुन्हा."

"आज घावली न्हाई, तर मग कवा? बारशात तुझ्या व्याह्यांनी इचारलं तर काय सांगायचं? भोयाच्या घरात मरळ मिळंना?"

तो जाळं खांद्यावर टाकून काठावर आला आणि थांबला. नदीपलीकडे पृथ्वीराज घराच्या ओसरीत खुर्ची टाकून बसला होता. तोंड नदीकडे, लव्हाळ्यांच्या त्या जागेसमोर. एरवी तो मासेमारी झाली की चहा घ्यायचा आणि गाडीत बसून निघायचा. आज हलेना. त्याच्या डोळ्यांदेखत त्याच जागी जाळं कसं टाकायचं?

म्हाळू घरी गेला, परत आला. पृथ्वीराज तिथंच. ऊन कलायला लागलं, तरी तिथंच. म्हाळू बाभळीच्या आडोशाला बसून राहिला. तिथून लव्हाळी दिसत होती. मधूनच पाण्यावर एक तोंड यायचं, हवेचा घोट घ्यायचं आणि खाली जायचं. मरळ असाच श्वास घेते, त्यात नवल नव्हतं. पण घोट आता लवकर लवकर येत होते. मग उशिरा उशिरा यायला लागले.

त्याला ते बघवेना आणि तिथून उठवेना. जाळ्यातला मासा काठावर आला की म्हाळू त्याच्या डोक्यावर दगडाचा एक ठोका घालायचा. बापानं शिकवलं होतं, तडफडत ठेवायचं नाही. खायाचं न्हाई तर छळायचं कशाला, असं कुणाला तरी त्यानं मोठ्या तोंडानं विचारलं होतं. आता खायचंच होतं, आणि दुपारभर छळत कोण होतं? चोख वाटलेला सगळा हिशेब आता त्याला पटेना. एका हाकेचं काम होतं. पलीकडे हाक गेली असती. पण काय म्हणून हाक मारायची, ते त्याला सुचेना.

सूर्य उसामागं गेला, तेव्हा गाडीचे दिवे लागले आणि गाडी वळून सडकेकडे गेली.

म्हाळू पाण्यात उतरला. मरळ लव्हाळ्याच्या बुडख्याशी कुशीवर पडली होती. कल्ल्याभोवती गाळ लाल झाला होता. तोंड उघडत होतं, मिटत होतं. वाकून हातानं उचलावी एवढ्या अंतरावर ती होती.

त्यानं हात पुढं केला आणि मागं घेतला.

मग तो चार पावलं मागं सरला. जाळ्याची दोरी मनगटाला गुंडाळली, एक कड दातात धरली, अंगाला झोल दिला आणि जाळं फेकलं. जाळं गोल उघडलं आणि शिशाच्या गोळ्या सपकन पाण्यात बसल्या. असं जाळं त्यानं कितीतरी दिवसांत टाकलं नव्हतं. त्यानं ते हळूहळू ओढून घेतलं. मरळीनं धडपडसुद्धा केली नाही.

"धरली," तो मोठ्यानं म्हणाला. ऐकायला कुणी नव्हतं. मग त्यानं दगड उचलला.

साळूबाई परसातल्या दिव्याखाली विळी मांडूनच बसली होती. मरळ बघून तिनं कपाळाला हात लावून नदीच्या दिशेनं नमस्कार केला. राख घेतली, मासा चोळायला लागली आणि कल्ला उचलताच थांबली. तिची सगळी हयात मासे निवडण्यात आणि विकण्यात गेली होती.

"जाळ्यात कल्ला आतनं फाटत न्हाई, म्हाळू."

तो ओलं जाळं दोरीवर वाळत घालू लागला.

"जित्ती हुती?"

"हुती."

"तुझ्या हातानं?"

"माझ्या जाळ्यानं."

म्हातारीनं त्याच्याकडे बघितलं. आतून पोरीचं रडणं येत होतं. मग तिनं खाली मान घातली आणि विळीवर मासा धरला.

"लसूण सोलून दे," ती म्हणाली. "तिखट घालत न्हाई. बाळंतिणीची हाय."

रश्शाचा वास घरभर पसरला. पोर पावडरीचं दूध पिऊन झोपली होती. हर्षदा भाकरी कुस्करून जेवायला बसली आणि पहिल्याच घासाला तिचे डोळे भरून आले. हे तिला स्वतःलाच अनपेक्षित असावं, कारण ती लगेच हसली.

"मला वाटलं न्हवतं घावंल म्हणून. कुठं घावली आबा?"

"आपल्याच काठाला."

फोन वाजला. पृथ्वीराजचा होता. म्हाळू उठून दारापर्यंत गेला.

"जेवलास?"

"बसतोय दादा."

"अरे, ती मरळ डोक्यातून जाईना. रक्त जरा जास्तच होतं रे. म्हणून तर ओसरीत बसून राहिलो, तरंगते की काय बघत. लांबून काही कळेना."

म्हाळूनं चौकट धरली.

"खरं सांगू का," पृथ्वीराज म्हणाला, "तेव्हा अगदी ओठावर आलं होतं, म्हाळू, ही तुझी, हात लावलास तू. लहानपणी तुझे वडील मलासुद्धा असाच वाटा द्यायचे, आठवतं? तुझी सुलक्षणावहिनी सकाळीच म्हणाली होती, हर्षदासाठी काही मिळालं तर दे. मी म्हणणारच होतो. पण तू म्हणालास जगेल. मग वाटलं, जगणार असेल तर आपण कशाला मार म्हणायचं? तुझ्या जाळ्यात काय, दुसरी येईलच."

घरात साळूबाई हर्षदाच्या ताटात आणखी एक तुकडा वाढत होती. हर्षदा नको नको म्हणत होती आणि ताट पुढं करत होती.

"हॅलो? म्हाळू?"

"हाय दादा."

"जगली असेल ना रे?"

म्हाळूनं अंगणाकडे तोंड फिरवलं.

"व्हय दादा. जगली. म्या संध्याकाळी जाऊन बघून आलो."

"बघून आलास? बरं केलंस." पृथ्वीराजनं लांब श्वास सोडला. खूप दिवसांत त्याचा आवाज इतका मोकळा वाटला नव्हता. "आता झोप लागेल बघ. ठेवतो."

म्हाळू आत येऊन बसला. साळूबाईनं त्याच्या पुढ्यात ताट सरकवलं. मरळीचं डोकं घरात ज्यानं ती धरली त्याचं असतं, ते तिनं त्याच्या वाटीत घातलं होतं.

"खावा ना आबा," हर्षदा म्हणाली. "आजी तुमच्यासाठी थांबलीय."

ती बघत होती, म्हणून त्यानं भाकरी मोडली.